बेथनबाईचं इंग्रजी

नंदनवन, नागपूर
७ मार्च १९८२

ती. मावशीस,
सप्रेम जय भीम.

तू गेल्यापासून माझं एकही पत्र नाही, याची लाज वाटते. ऑगस्टमध्ये तुला विमानात बसवताना दर पंधरवड्याला लिहीन म्हणाले होते. आधी परीक्षा, मग पेपर तपासणं, मग घरातली डागडुजी. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरेसं नाही. तुझ्याशिवाय रविवार कसे जातात ते लिहायचं नव्हतं, आणि दुसरं लिहिण्यासारखं काही नव्हतं, असं म्हटलं तर ते खऱ्याच्या जास्त जवळ जाईल.

आज लिहिते आहे ते रविंद्रच्या पत्रामुळे. त्याने तुला काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण तुझी गोष्ट तुझ्या मागे आम्ही मावसभावंडांनी ठरवावी हे मला पटत नाही, म्हणून सांगून टाकते. जानेवारीत तू बाजारात वाट चुकलीस आणि पोलिसांनी तुला घरी आणलं, तेव्हापासून तो धास्तावला आहे. तो आणि मार्गारेट दिवसभर हॉस्पिटलात, तारा शाळेत, आणि त्या परक्या गावात घरात एकटी तू. त्याचं म्हणणं असं की, नाताळपर्यंत आईला फोनवर आपला पत्ता सांगता आला, मदत मागता आली, तर ती इथे राहील. नाही तर डिसेंबर संपता संपता तो तुला नागपूरला माझ्याकडे आणून सोडणार. मला समोरची खोली तयार ठेवायला सांगितलं आहे.

तुला काय हवं आहे, हे त्याने विचारलेलं दिसत नाही. मी विचारते.

राहायचं असेल तर मी तुला पत्रातून इंग्रजी शिकवीन. वीस वर्षं मुलींना शिकवते आहे. त्या पास होतात. पण त्यांतल्या कितींना इंग्रजीत प्यायला पाणी मागता येईल, हा विचार मी सहसा टाळते. सोबत पहिला धडा आहे. सगळं आपल्या अक्षरांत लिहिलं आहे. त्यात तातडीच्या फोनचा नंबर आहे आणि त्यापुढे ही वाक्यं आहेत : ‘प्लीज हेल्प. माय नेम इज इंदूबाई. आय लिव्ह अ‍ॅट फॉर्टी टू, अ‍ॅल्डर ग्रोव्ह.’ रोज मोठ्याने म्हण.

आणि माझं एक काम कर. जानेवारीत इथल्या व्याख्यानमालेत मला बोलायचं आहे. विषय दिला आहे, ‘इंग्रजांची संस्कृती आणि त्यांची भाषा’. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवली, पण इंग्रज शेजारी कधी पाहिला नाही. तू रोज पाहतेस. माणूस इंग्रज कशाने होतो, ते मला डोळ्यांनी पाहून सांग.

तुझी जया

•

लिव्हरपूल
११ एप्रिल ८२

चि. जयास,
इंदूमावशीचा जय भीम.

तुहं पत्र भेटलं. रव्यानं मले काहीच सांगतलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना म्या त्याले विचारलं, “काहून रे, मले पार्सल करून राहिला का?” तो घास तसाच धरून बसला. म्हणे, “आई, तुझ्या भल्यासाठीच आहे.” म्या म्हटलं, “माह्या भल्याचं मले विचारत जा. दात पडले माहे, तोंड नाई पडलं.” मार्गारेट दोघायच्या तोंडाकडे पाहे. बिचारीले एक शब्द समजत नाई, पन भांडन समजते.

मले इथंच राहाचं हाय जया. तारासाठी. पोरगी शाळेतून आली का माह्या मांडीवर डोकं ठेवते. मी केसातून हात फिरवते. झालं, येवढीच आमची बोली. नातीले एक गोठ सांगता येत नाई, थे आजी कोनत्या कामाची? नागपूरले तू हायेस, सगळं माहं हाय. पन तिले दुसरी आजी नाई.

वाट चुकली हे खरं. पन रडली नाई. पोलीसवाला भल्ला सभ्य. खुर्ची देली, चहा देला, दूध टाकू का म्हणून इशाऱ्यानं दोनदा विचारलं. अन् मी आपली ‘रविंद्र डॉक्टर, रविंद्र डॉक्टर’ करून राहिली. जसा अख्ख्या गावात एकच डॉक्टर!

आता इंग्रज कसा असते, ते आइक. धक्का आपन मारला तरी सॉरी तोच म्हणते. बसपाशी कोनी कोनाले ढकलत नाई. आभाळाची गोठ रोज करते, जसं आभाळ त्याइच्या घरी पावना आला हाय. पन समोरचा बुढा मेला, तं मले पंधरा दिवसांनी समजलं. ना रडनं, ना हाक. मार्गारेटनं एक कार्ड टाकलं अन् झालं. त्याइचं सुख-दुःख दाराच्या आत असते. चांगलं का वाईट, ते तूच ठरव, तू शिकेल हायेस.

तुहा धडा म्हणते मी रोज. पन लय गुळगुळीत हाय बापा. ‘माय नेम इज’, असं कोनी बोलताना म्या आइकलं नाई.

म्हणून म्या मास्तरीण पाहिली. भिंतीपल्याड बेथनबाई राहते. माह्याहून मोठी, एकटी, नवरा जहाजावर होता तो वारला. परवा मी मागच्या अंगणात कांदे चिरत होती. डोयातून पानी चाललं. तिनं पाहिलं अन् भिंतीवरून रुमाल देला. तिले वाटलं बाई रडून राहिली! म्या कांदा दाखवला. मंग दोघी हासलो. म्या तिच्या छातीकडे बोट केलं अन् म्हटलं, तुही भाषा मले शिकव. तुही, तुही. तिले समजलं. अन् तिच्याच डोयात पानी आलं. ते कांद्याचं नव्हतं. काहून आलं, ते मले नाई समजलं.

इंदूमावशी

•

नंदनवन, नागपूर
१३ जून १९८२

ती. मावशीस,
सप्रेम जय भीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. शेजारीणबाई शिकवतात हे वाचून फार बरं वाटलं. ज्या गावात राहायचं तिथल्या माणसाकडूनच शिकावं, माझ्या धड्यांना त्याची सर नाही.

पण मेच्या पत्रात तू शिकलेले जे शब्द लिहिलेस, ते मला जुळत नाहीत. तू लिहितेस, पाण्याला ‘दूर’, भाकरीला ‘बारा’, विस्तवाला ‘तान’, डोक्याला ‘पेन’, सकाळी भेटलं की ‘बोरे दा’, आणि उपकार मानायचे तर ‘दिओल्ख’. मावशी, पाणी म्हणजे वॉटर, विस्तव म्हणजे फायर, डोकं म्हणजे हेड. आभार मानायचे तर थँक यू. मी दोन शब्दकोश पाहिले. लिव्हरपूलची बोली वेगळी आहे असं ऐकून आहे. पुण्याच्या माणसाला आपलं ‘मले-तुले’ जसं वाटतं तसं असेल. म्हणून बेथनबाई चुकतात असं मी म्हणणार नाही. पण फोनवर पोलिसाला ‘दूर’ म्हणालीस तर त्याला कळेल का? तू माझे शब्द पाठ कर.

व्याख्यानासाठी वाचते आहे. एक नवलाची गोष्ट सापडली. नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेल्या सरदारांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षं राजाच्या दरबारात आणि कोर्टात फ्रेंच चालायची. इंग्रजी म्हणजे नांगर धरणाऱ्यांची, मेंढरं राखणाऱ्यांची बोली. कोर्टात उभ्या असलेल्या माणसाला आपल्या बाजूने काय बोललं गेलं आणि विरुद्ध काय, हे समजायचं नाही. शेवटी कायदा झाला की खटले इंग्रजीतून चालवावेत, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. आणि तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये!

मला वाटतं, इंग्रज माणूस इंग्रज झाला तो चहाने नाही, रांगेने नाही. आपल्याविषयी काय बोललं जातं ते ज्या दिवशी त्याला आपल्या भाषेत ऐकू आलं, त्या दिवशी तो इंग्रज झाला. एक भाषा, म्हणून एक देश. व्याख्यानाचा कणा हाच ठेवते आहे. बरोबर आहे ना? मला अजून पूर्ण खात्री नाही.

तुझी जया

•

लिव्हरपूल
८ ऑगस्ट ८२

चि. जयास,
जय भीम.

तू म्हणतेस वॉटर, बेथनबाई म्हणते दूर. मी कोनाचं आइकू? थे इथली, तू नंदनवनची. पन तुहा मान ठेवून दोन्ही पाठ करते. एका खिशात तुहं, एका खिशात तिचं.

तिच्या घरी रोज जाते. आलू सोलता सोलता ती तिचं बोलते, मी माहं. आधी नुसता गलका होये. आता निम्मं समजते. तिले माह्या तोंडून तिचे शब्द आइकले का असं होते, जसं कोनी माहेरचं मानूस आलं. पोरंबाळं नाई. म्हणते, चर्चातल्या दोन बुढ्या मेल्या, तवापासून असं बोलाले कोनी नाई. आता तूच सांग, अख्ख्या गावात इंग्रजी बोलतात, अन् हिले म्हणे बोलाले कोनी नाई! मानसं असून एकटी. रव्याच्या घरात माहं तेच.

तारा भल्ली हासते. मी सकाळी तिले ‘बोरे दा’ म्हणते, तं ती बापाले सांगते का आजी मराठी शिकवून राहिली. मार्गारेटही तसंच समजते. म्या म्हटलं, अगं, तुहीच भाषा हाय हे! पोरीले समजलं नाई. माहा उच्चार कच्चा असन.

आता एक गोठ, ते मले सोडवून दे. बेथनबाईनं तिच्या आजीचा फोटो दाखवला. शाळेतली लहान पोरगी. तिनं सांगतलं का आजी शाळेत आपल्या घरची भाषा बोलली, म्हणून मास्तरनं तिच्या गळ्यात लाकडाची पाटी बांधली. दुसरं लेकरू तसं बोललं का पाटी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात पाटी, त्याले छडी. तिले शब्द सापडेना, तं तिनं सुतळी घेऊन करून दाखवलं. म्या तिचा हात धरला. म्हटलं, बस कर माय. गळ्यात काही बांधाची गोठ आपल्या मानसाले समजावून सांगा लागते का? माह्या सासऱ्याच्या बापानं गळ्यात गाडगं बांधून पेशव्याचा रस्ता नाई पाहिला, पन त्याच्या घरी ते सांगत होते. तिले हे सांगाले माह्यापाशी शब्द नव्हते. पन ती समजली असं वाटते.

पन जया, इंग्रजाच्या शाळेत इंग्रज पोरगी इंग्रजी बोलली म्हणून तिले पाटी काहून?

इंदूमावशी

•

नंदनवन, नागपूर
१९ सप्टेंबर १९८२

ती. मावशीस,
सप्रेम जय भीम.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन विश्वकोशाचे खंड काढले आणि पाटीचा शोध घेतला. सापडली. मावशी, जे सांगते ते शांतपणे वाच.

बेथनबाई इंग्रज नाहीत. लिव्हरपूलच्या पश्चिमेला वेल्स म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या लोकांची भाषा निराळी, इंग्रजीहून जुनी. ‘दूर’, ‘बारा’, ‘तान’ हे सगळे शब्द मला तिथे छापलेले दिसले. पाटी बांधली गेली ती त्या भाषेसाठी, इंग्रजी शाळांत, इंग्रजी यावी म्हणून. तू त्यांच्या छातीकडे बोट करून ‘तुझी भाषा’ म्हणालीस आणि त्यांनी खरोखर स्वतःची भाषा दिली.

म्हणजे तू सहा महिने मनापासून शिकलीस, पण रविंद्रला जी हवी ती भाषा नाही. हे तुला कळवू नये असं एकदा वाटलं. पण ते तुला फसवणं झालं असतं. नाताळाला तीन महिने आहेत. आजपासून रोज फक्त माझे धडे म्हण.

आणखी एक लिहिते, कारण नाही लिहिलं तर मला चैन पडणार नाही. समोरच्या खोलीला रंग देऊन झाला आहे. खिडकीला पडदा लावला आहे. जूनमध्ये तुझे शब्द चूक ठरवताना माझ्या मनात ‘आता मावशी येणारच’ असं आलं होतं का? आलं असावं. पण मला तू इथे यायला हवी असलीस तरी हरून आलेली नको आहेस.

व्याख्यानाचा कणा मोडला. ‘एक भाषा म्हणून एक देश’ असं मी लिहून ठेवलं होतं, आणि त्या एका भाषेखाली एका लहान मुलीचा गळा निघाला. ज्यांची बोली एके काळी कोर्टाबाहेर उभी होती, त्यांनीच पुढे दुसऱ्याच्या पोरांना पाटी बांधली. मग इंग्रज माणूस कशाने इंग्रज होतो? मला आता सांगता येत नाही.

तुझी जया

•

लिव्हरपूल
२४ ऑक्टोबर ८२

चि. जयास,
जय भीम.

आधी म्या हासली. मंग मोरीत जाऊन रडली. मंग तोंड धुवून बेथनबाईच्या घरी गेली अन् उभ्या उभ्या विचारलं, “तू इंग्लिश?” माय वं! हातातलं भांडं आपटलं तिनं. असं बोलली, असं बोलली, का मले वाटलं मी तिच्या बापाले शिवी देली. मंग तिले समजलं का मले सहा महिने काय वाटत होतं. तशी खुर्चीत बसून हासली, हासता हासता खोकला आला, म्या पाठ चोळून देली.

रव्यानं तिकीट काढलं हाय. अठ्ठावीस डिसेंबरचं. टेबलावर ठेवून देलं, मी पुसताना रोज दिसते. मी त्याले काही सांगतलं नाई. तूही नको सांगू.

तू म्हणतेस, तिची भाषा ठेवून दे, तुहे धडेच म्हण. धडे म्हणते मी, तव्यावर पोळी टाकताना म्हणते, जिना चढताना म्हणते. पन तिची भाषा सोडणार नाई. छप्पन सालानंतर म्या आपल्या खाप्यात पाटीपेन्सिल धरली तवा गावचे लोकं हासत होते, दोन लेकरायची माय आता मास्तरीण होते का म्हणून. तवा कामाची कोनती, बिनकामाची कोनती, हे म्या पाहिलं नाई. कोनी आपलं ठेवनीतलं काढून देते, तं पदर पसरून घ्या लागते.

राहाले नाई भेटलं तं येईन नागपूरले. पन हारून नाई येणार. दोन भाषा घेऊन येईन.

इंदूमावशी

•

लिव्हरपूल
५ डिसेंबर १९८२

ती. जयाताईस,
सप्रेम जय भीम.

माझं मराठी लिहिणं आता गंजलं आहे, चुका पोटात घाल. हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी आई शेजारच्या बेथनबाईंकडे गेली. त्या स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या. उजवा हात लुळा, तोंड वाकडं. आईने त्यांचा फोन उचलला आणि तातडीचा नंबर फिरवला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मला नंतर सांगितलं. पलीकडून एक बाई अगदी पाठ केलेलं म्हणत होती, ‘प्लीज हेल्प. माय नेम इज इंदूबाई. आय लिव्ह अ‍ॅट फॉर्टी टू, अ‍ॅल्डर ग्रोव्ह.’ मग थांबली, आणि ओरडली, ‘नॉट मी! नेक्स्ट डोअर! कम, कम, कम!’ ताई, ‘नेक्स्ट डोअर’ तुझ्या धड्यात होतं का? आई म्हणते नव्हतं.

आई त्यांच्याबरोबर गाडीत बसून आमच्याच हॉस्पिटलात आली. मी खाली धावलो. मेंदूत रक्त अडकलं होतं. बेथनबाई सारखं काहीतरी बोलत होत्या, जड जिभेने, एकच शब्द पुन्हा पुन्हा. वॉर्डातला तरुण डॉक्टर इंग्रजीत विचारत होता, नाव काय, दुखतं कुठे. त्या तोच शब्द म्हणत राहिल्या. तो मला म्हणाला, निरर्थक बडबड आहे, भान गेलेलं दिसतं. मीही मान हलवली. सहा वर्षं शेजारी राहतो, त्यांच्याशी मी इंग्रजीतच बोलत आलो. यांचं इंग्रजी गेलं आणि खालची भाषा उरली, हे माझ्या मनातही आलं नाही.

आई मागून पुढे आली. माझ्या कोटाला धरून मला बाजूला केलं.

“सरक रे. भान तुहं गेलं. थे बडबडून नाई राहिली, बोलून राहिली.”

“आई, इथे थांबू नकोस, बाहेर...”

“अरे बह्याडा, विस्तव म्हणून राहिली ती! विस्तव! चुलीवर काही राहिलं तिच्या घरी!”

मार्गारेट ड्यूटी संपवून नुकतीच घरी पोचली होती, मी तिला फोन केला, ती धावत शेजारी गेली. गॅस चालू होता, भांडं जळून काळं झालं होतं, बाजूचा टॉवेल पेटायच्या बेतात होता.

आईने बेथनबाईंच्या कानाशी वाकून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यांचा चेहरा सैल झाला. मग दोघी बोलू लागल्या. आई मोडकंतोडकं मला सांगत होती आणि मी डॉक्टरला : डोकं दुखतं, थंडी वाजते, पाणी हवं. त्याने आधी लिहिलेलं कापलं आणि नवीन लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चॅपलचे पाद्री आले. त्यांनी आईशी त्यांच्या भाषेत बोलून पाहिलं आणि मला विचारलं, “डॉक्टर, तुमच्या आई कुठल्या गावच्या? आमच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या बोलतात तसं बोलतात.” मी म्हणालो, खाप्याच्या. ते कुठल्या खोऱ्यात आहे, असं त्यांनी विचारलं.

घरी येऊन मी आईला विचारलं, “ही भाषा तू केव्हा शिकलीस?” ती म्हणाली, “तू मले इंग्रजी शिकाले सांगतलं तवा.” तारा म्हणाली, “आजीची मराठी बेथन आजीला येते, मग मला का येत नाही?” तिला मी मराठीचा एक शब्दही दिलेला नाही. आईसाठी मी परीक्षा ठेवली, स्वतःसाठी कोणतीच ठेवली नाही.

तिकीट रद्द केलं. ते मी टेबलावरून उचललं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. वर न पाहता म्हणाली, “अन् आता पुन्हा काढाचं झालं, तं मले विचारून काढजो.”

तुझा रविंद्र

•

नंदनवन, नागपूर
८ जानेवारी १९८३

ती. मावशीस,
सप्रेम जय भीम.

जिंकलीस! रविंद्रचं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारच्या यमुताईंना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘सरक रे, भान तुहं गेलं’ या वाक्याशी त्यांनी मला दोनदा थांबवलं.

‘नेक्स्ट डोअर’ माझ्या धड्यात नव्हतं. वीस वर्षांत मी कोणालाही इतकं चांगलं शिकवलेलं नाही, आणि हे मी शिकवलेलं नव्हतंच.

समोरची खोली रिकामी राहिली आणि मला आनंद झाला. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीने दुसरी खोटी होत नाही, हे मी स्वतःला तपासून पाहिलं.

काल व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे होते. लिहून नेलेलं भाषण मी सुरुवातीला वाचलं. कोर्टाबाहेर उभी असलेली इंग्रजी, फ्रेंचमध्ये लिहिलेला कायदा, सगळं. लोक शांतपणे ऐकत होते, थोडेसे पेंगत होते. मग कागद बाजूला ठेवला आणि तुझी गोष्ट सांगितली. कांद्यापासून. पाटीपाशी आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. विस्तवापाशी आले तेव्हा मागे कोणीतरी ओरडलं, “वा रे बुढी!” आणि सगळं सभागृह हसलं.

शेवटी मी म्हणाले, इंग्रजांची संस्कृती कोणती हे मला विचारलंत. आपली भाषा खालची नाही, असं त्यांनी एकदा स्वतःला सांगितलं, आणि त्यातून ते राष्ट्र झाले. त्यांची ती जीत मला आजही मोठी वाटते. पण जिंकल्यावर शेजारच्या मुलीच्या गळ्यात काय बांधलं, हाही त्यांच्या संस्कृतीचाच भाग आहे. आणि त्या मुलीच्या नातीने आपली भाषा खाप्याच्या बाईच्या ओंजळीत घातली, हा त्या बेटाचाच, पण इंग्रजांच्या मापात न बसणारा भाग. राष्ट्र भाषेने होतं, हे खरं. ते किती मोठं, हे मात्र त्यात दुसऱ्याची भाषा मावते की नाही, यावरून कळतं.

अध्यक्ष गोपाळराव निवृत्त प्राचार्य आहेत, सज्जन माणूस. समारोपात म्हणाले, “जयाताईंचं विवेचन उत्तम. फक्त मावशींचे संवाद प्रमाण मराठीत सांगितले असते, तर व्यासपीठाची उंची राहिली असती.”

मावशी, तुला माहीत आहे, कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या ‘मले-तुले’ला वर्ग हसला आणि त्या दिवसापासून घराबाहेर मी ते कधी बोलले नाही. काल मी पुन्हा माईकपाशी गेले. म्हणाले, “सर, मले जसं आइकू आलं, तसंच सांगतलं. अन् आता असंच सांगत जाईन.”

मग मागच्या भिंतीपासून टाळ्या सुरू झाल्या त्या पुढे येत गेल्या. एक म्हातारबुवा उभे राहून म्हणाले, “बरोब्बर हाय वं माय!” गोपाळरावही टाळ्या वाजवत होते; उशिरा, पण वाजवत होते. टाळ्या मला होत्या की तुला, याचा मी घरी येईपर्यंत विचार केला. शेवटी ठरवलं, वाटून घेऊ.

आज सकाळी तुझं चिठ्ठीवजा पत्र आलं. बेथनबाईंचा हात हलू लागला, त्या चमचा धरतात, हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहितेस, एक मार्चला त्यांच्या लोकांचा सण असतो, चॅपलमध्ये चहा असतो आणि त्या दिवशी तू सगळ्यांसमोर त्यांच्या भाषेत चार ओळी म्हणणार आहेस. त्या दिवशी तू त्यांची शाल घेणार आणि त्या म्हणतात, मी तुझ्यासारखं लुगडं नेसणार. नऊवार कसं नेसवायचं, व्हीलचेअरमध्ये बसवून, ते तुझं तू पाहा. पार्सल पोचायला वेळ लागेल, म्हणून आज शनिवारीच ठरवून टाकते, आणि विसरू नये म्हणून इथेच लिहून ठेवते.

उद्या पहिल्या एसटीने खाप्याला जाऊन बेथनबाईंसाठी हातमागाचं, रुंद काठाचं लुगडं आणणे.